मांडीवरची बॅग

बॅग मांडीवर घेऊन बसायची भाऊजींची सवय घरी आल्यावरही सुटत नसे. ओट्यावर चहा पितानासुद्धा बॅग मांडीवर आणि कपबशी बॅगेवर. मी बॅग आत ठेवायला हात पुढे केला की म्हणायचे, "ऱ्हाऊं दे वयनी. फुकट्यानं आपलं सामान आपल्यापाशी ठेवावं."

तुम्ही म्हणाल, विमान चालवणारा माणूस फुकट्या कसा? मलाही कळायचं नाही. चौथीपर्यंत शिकलेली मी, त्यांच्यापुढे तोंड उघडायला लाजायची. त्यांनीच एकदा काकीला समजावलं, ते मी दाराआडून ऐकलं.

काकी आमची शेजारीण आणि भाऊजी तिचा एकुलता एक मुलगा. पालघरजवळच्या माहीमात, आमच्या आळीत विमानात बसलेलं दुसरं कोणी नव्हतं. कधी भाऊजींना दुसऱ्या गावाहून विमान आणायला जावं लागे, कधी रजेवर घरी यायचं असे. तेव्हा विमान दुसरा पायलट चालवी आणि भाऊजी मागे प्रवाशांत बसत. तिकीट नाही, म्हणून जागा उरली तरच. अगदी निघताना पैसे भरलेला माणूस आला, तर यांनी उठून उतरायचं.

"म्हणून बॅग विमानाच्या पोटात टाकायची नाय, आये. मी उतरलो की तीपण उतरली पाह्यजे."

"एवढा मोठा पायलट, आन् बॅग शाळंतल्या पोराची," काकी म्हणायची. "उद्या लगीन झालं तं बायकोला कुटं बसवशील? तिच्यातच?"

"मावली तं बसवीन."

काकीची विड्याच्या पानांची वाडी होती. करंड्यात पानं कडेकडेनं गोल लावतात, तसे भाऊजी बॅगेत सदरे लावायचे. मधे जी पोकळी राही, तिच्यात काकी सुके बोंबील कोंबायची. वरून कितीही कागद गुंडाळले तरी वास लपत नसे. भाऊजी सांगायचे, पुढे बसलेला पायलट नाक वर करून विचारतो, "आज माहीमवाला बैठा है क्या?"

एकदा काकीनं विचारलं, "वरून माझी वाडी दिसते रं?"

"दिसते ना. तू उन्हात उघड्या डोक्यानं उभी असतेस, ते पण दिसतं."

थट्टाच ती. पण तेव्हापासून विमानाचा आवाज आला की काकी हातातलं काम सोडून डोक्यावर पदर घ्यायची. पुढे तिची नजर गेली, तरी आवाज ऐकून पदर घ्यायचीच. मग आम्ही वाडीतल्या बायकाही घेऊ लागलो. वर कोण आहे हे आम्हाला काय ठाऊक?

तारापूरला विजेच्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं, त्या वर्षांपैकी एका वर्षी पावसाळा सरता सरता काकीच्या अंगावर सूज आली. पालघरच्या डॉक्टरांनी माझ्या मालकांना बाजूला घेऊन सांगितलं, मुलाला बोलवा. भाऊजी कलकत्त्याला होते. तार केली. काकी खाटेवर पडून एकच म्हणत होती, "त्याच्या तोंडावरून एक डाव हात फिरवते. मग जाते."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी दारात जीप थांबली. तारापूरच्या कामावरचे एक साहेब मुंबईहून परतत होते. त्यांच्या हातात भाऊजींची बॅग होती. "विमानतळावर त्यांच्या मित्रानं दिली," ते म्हणाले. "ते नागपूरला राहिले. उद्या पोचतील." एवढं सांगून ते गेले.

मी बॅग आत नेली. ठेवायला जागा नव्हती, म्हणून खाटेच्या कडेला ठेवली. काकीचा हात तिच्यावर पडला. तिनं बॅगेची मूठ चाचपली, पट्टा चाचपला, बोटं कडेवरून फिरवली.

"आला," ती म्हणाली.

मागच्या वाडीत गडी वेलींना पाणी काढत होता. रहाटाचा आवाज येत होता. काकीनं कान दिला. भाऊजी घरी आले की आधी विहिरीवर आंघोळ करत.

"न्हायला गेला. वयनी, पानी तापवलं का त्याला? थंड घेल तो."

चुलीवर तिचं अंग पुसायला पाणी होतं. मी म्हटलं, "तापलंय, काकी." भाऊजी आले नाहीत, हे सांगायला हवं होतं. पण तिचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा सैल झाला होता.

"येल. न्हाऊं दे निवांत."

रहाट थांबायच्या आत ती गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहिली. मग वडीलधारे म्हणाले, आता थांबता येत नाही. काकीच्या पुतण्यानं अग्नी दिला.

भाऊजी संध्याकाळी एस.टी.नं आले. त्यांना मोकळ्या हातांनी मी पहिल्यांदा पाहिलं. रिकामी खाट, काकीच्या नावानं लावलेला दिवा आणि बाजूला बॅग. ते उंबऱ्यातच बसले. तिथूनच माझ्या मालकांना सांगू लागले.

नागपूरला पैसे भरलेलं कुटुंब आलं, आणि भाऊजींना उतरायला सांगितलं. पुढे पायलटांजवळ उभं राहून येऊ का, हे विमानतळावरच्या साहेबाला विचारायला ते खाली धावले. "जागा जाईल म्हणून बॅग सीटवर ठेवली. एस.टी.त रुमाल टाकतात तशी. तेवढ्यात दार लावलं."



"वयनी, शेवटाला काय बोलली?"

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. त्यांच्याशी मी इतकं कधीच बोलले नव्हते, आणि नंतरही बोलायची वेळ आली नाही. दिवसकार्य झाल्यावर ते नोकरीवर परत गेले. वाडी पुतण्याकडे आली आणि घराला कुलूप लागलं.

"मी न्हायला गेलो म्हणाली?"

"हो."

ते उठून विहिरीवर गेले. रहाट वाजू लागला. एक बादली, दुसरी, आणखी एक. थांबेचना. माझे मालक उठले, परत बसले.

सुतकाच्या घरात चूल पेटवायची नव्हती. मी आमच्या घरी जाऊन पाणी तापवलं आणि हंडा विहिरीच्या काठावर आणून ठेवला. भाऊजी ओल्या अंगानं उभे होते. त्यांनी हंड्यातून निघणारी वाफ पाहिली. मग वाकून दोन्ही हात त्या पाण्यात घातले, आणि अंधार पडेपर्यंत तसेच उभे राहिले.