दादू सुटला

भोंगा वाजला तेव्हा मी चीफ इंजिनिअरच्या केबिनमध्ये उभा राहून शिव्या खात होतो. विषय होता स्टीम.

"शिंदे, सकाळपासून प्रेशर खाली. स्टीम जाते कुठे?"

"सर, चिपाड ओलं आहे."

चिपाड म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा. साखर कारखान्याचा बॉयलर त्यावरच पेटतो. ते ओलं असलं की जाळ कमी आणि धूरच जास्त. बॉयलर हाउसच्या माणसाला कुठल्याही प्रश्नावर हे उत्तर चालतं. मी ते नोकरीभर वापरलं.

चीफ पुढे काही बोलणार तेवढ्यात भोंगा. आमचा भोंगा वाफेवर वाजायचा आणि फक्त पाळी बदलताना वाजायचा. अवेळी वाजला तर एकच अर्थ, आग नाहीतर अपघात. आणि हा तर थांबायचं नाव घेईना. चीफनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कळलं स्टीम कुठे जाते ते," असं म्हणून ते पळत सुटले. मी त्यांच्या मागे.

बॉयलर हाउसमध्ये ना आग, ना अपघात. गणपा, म्हणजे आमचा बॉयलर अटेंडंट, भोंग्याच्या साखळीला लोंबकळला होता आणि ढसाढसा रडत होता. तुका फिटर चिपाडाच्या ढिगावर नाचत होता.

"अरे, झालं काय?" मी ओरडलो.

"सायेब, दादू सुटला!"

"कोण दादू? कुठून सुटला? जेलमधून?" चीफ गांगरले.

त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. वाचकांनाही नाही, म्हणून थोडं मागं जातो.

ही गोष्ट सत्तरीतली. शतकाच्या, माझी सत्तरी फार नंतर आली. कारखाना कृष्णाकाठचा, सातारा-सांगलीच्या शिवेवरचा. दादू आमचा आगवाला, म्हणजे भट्टीत चिपाड घालणारा. माणूस सोन्यासारखा, पण बैलवेडा. जतकडच्या बाजारातून त्यानं शर्यतीचा खोंड आणला. पैसे कुठले? तर बायकोचं, हौसाचं डोरलं रहिमतपूरच्या सोनाराकडे गहाण टाकलं. आमच्याकडे मंगळसूत्राला डोरलं म्हणतात. खोंडाचं नाव सरदार. पहिल्या शर्यतीत सरदार उलटा पळाला. दुसरीत निशाण पडलं तसा तो खाली बसला. तिसरीत गाडीसकट माणसांत शिरला आणि एका पाव्हण्याचा फेटा खाल्ला. फेट्याची भरपाई दादूनं पुन्हा उसनवार करून दिली.

हौसा गळ्यात काळा दोरा बांधून नदीपलीकडे माहेरी निघून गेली. जाताना सगळ्या आळीसमोर म्हणाली, "माझं डोरलं माझ्या गळ्यात पडल्याबिगर ह्या घराचा उंबरा वलांडनार न्हाई. मग तुमी हाय आन् तुमचा सरदार हाय!"

सरदार विकला. निम्मी किंमतही आली नाही. दादूचं जेवणावरचं लक्ष उडालं, मग कामावरचं. एकदा भट्टीचं दार उघडं टाकून तो नदीकडे बघत बसलेला मला दिसला. मी चांगला फैलावर घेतला. पण गणपा आणि तुका मला म्हणाले, "सायेब, त्याला आमच्यावर सोडा."

हे दोघेही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. गणपानं हप्त्यावर रेडिओ, मनगटी घड्याळ आणि सायकल एकदमच घेतली होती. तुका विट्याचा. त्याचे भाऊबंद लांबलांबच्या शहरांत सोनं गाळायची दुकानं चालवायचे. हाही कर्ज काढून गेला आणि चार महिन्यांत परत आला. सोनं वितळवायला गेला आणि भांडवल वितळवून आला, असं आम्ही म्हणायचो. तर अशा तीन कर्जबाजाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचं ठरवलं. बुडत्यानं बुडत्याला धरावं, तसलाच प्रकार. पण तो चालला, हे मी स्वतः पाहिलंय.

बॉयलरवर प्रेशर दाखवणारं एक गोल तोंडाचं घड्याळ असतं. त्यावर लाल रेघ असते. काटा रेघेच्या पुढे गेला की जिवाला धोका. या तिघांनी बॉयलर हाउसच्या भिंतीवर चुन्यानं तसली तीन घड्याळं काढली. काटे कोळशाचे, लाल रेघ गेरूची. तिघांचेही काटे रेघेच्या पार पलीकडे. पगार झाला की हप्ता भरायचा आणि सगळ्यांसमोर काटा पुसून जरा खाली काढायचा. हप्ता भरायलाही एकट्यानं जायचं नाही. सोबत दुसरा हवाच, नाहीतर वाटेत बाजार लागतो.

चीफनी ती भिंत पाहिली तेव्हा मला बोलावलं होतं. "शिंदे, हे काय?"

"प्रेशर गेज, सर."

"कुठल्या बॉयलरचे?"

"माणसांचे."

चीफ म्हणाले, "इन्स्पेक्टर यायच्या आधी पुसा." इन्स्पेक्टर आले, तेव्हा आम्ही त्यावर चिपाडाची पोती रचली. पुसलं नाही.

दुसरा नियम सेफ्टी व्हॉल्व्हचा. बॉयलरमध्ये वाफ जास्त झाली की ही झडप आपोआप उघडते आणि फालतू वाफ बाहेर टाकते. नाहीतर बॉयलर फुटेल. त्यावरून यांचं ठरलं की, ज्याला काही विकत घ्यायची ऊर्मी येईल त्यानं आधी दोघांना सांगायचं. दोघांनी त्याला मनसोक्त शिव्या घालायच्या. ऊर्मी गेली तर ठीक, नाही गेली तर पुन्हा घालायच्या.

एकदा दादू कामावर आला तोच डोळे चमकवत.

"गड्या, व्हॉल्व्ह उडाया लागलाय. जतकडचा एक गडी खोंड इकतोय. पांढराफेक. शिंगं अशी वर..."

"तुज्या आयला तुज्या!" गणपानं हातातलं फावडंच टाकलं. "एक सरदार पुरं न्हाई व्हय रं? आता काय सुभेदार आनतोस?"

"पळतोय लय भारी म्हनं."

"कुनीकडं पळतोय ते इच्यारलंस का?" तुका म्हणाला. "आदीचा बी पळतच हुता की!"

मग जे शिव्यांचं सत्र झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी दाराशी उभा राहून ऐकलं. काही शिव्या तर मला नव्या होत्या. शेवटी दादू स्वतःच हसत सुटला, आणि खोंड जतलाच राहिला.

पण सगळे दिवस हसण्याचे नसतात. हंगाम संपला की आगवाल्याला घरी बसावं लागतं, पगार निम्माही राहत नाही. त्या दिवसांत दादूचा हप्ता नुसत्या व्याजात जायचा. काटा जिथल्या तिथं. एक दिवस बॉयलर हाउसमध्ये येऊन त्यानं भिंतीवरचं आपलं घड्याळ हातानं पुसायला घेतलं.

"न्हाई फिटायचं हे. हौसा पल्याड म्हातारी हुईल, मी अल्याड. मी मरनार ते कर्जातच."

गणपानं त्याचा हात धरला. "काटा हलत न्हाई म्हंजे बॉयलर इझला न्हाई, येड्या. काटा वर बी चढला न्हाई, ते बघ की. दादू, तुजं फिटंल त्या दिशी मी भोंगा वाजिवतो. नोकरी गेली तर गेली. पंचक्रोशीला कळू दे. पल्याड हौसावैनीला बी कळू दे."

दादू पुसता पुसता थांबला. "खरंच वाजिवशील?"

"हातातनं साखळी तुटंस्तवर!"

त्यानंतर त्यानं एकही हप्ता चुकवला नाही. ऊस तोडायला गेला, विहिरीच्या गाळाचं काम केलं, पण दिला. दर हप्त्याला विचारायचा, "गणपा, ध्यानात हाय न्हवं?" मला वाटायचं, थट्टा चाललीय. भोंगा म्हणजे काय देवळातली घंटा आहे, आला-गेला वाजवायला?

आता घोटाळा बघा. भोंगा वाजला की हौसाला कळेल, हे तिघांचं पक्कं. पण भोंग्याचा अर्थ हौसाला सांगायचा कोणी, हे ठरवायचं राहून गेलं. दादूला वाटलं, गणपानं सांगितलं असेल. गणपाला वाटलं, नवरा-बायकोतली गोष्ट, दादू सांगेल. तुकाला असलं काही वाटतच नसे.

तर त्या दिवशी दादू आणि तुका शेवटचा हप्ता घेऊन रहिमतपूरला गेले. पैसे भरले. सोनार डोरलं काढून उजळून देतो म्हणाला, म्हणून दादू तिथंच थांबला. तुकाला मात्र दम निघेना. तो मिळेल त्या ट्रकनं पुढे आला आणि गणपाला ओरडून सांगितलं, "सुटला! दादू सुटला!"

गणपानं साखळी ओढली.

आमच्या भागात 'सुटला' शब्दाचे अर्थ दोन. कर्जातून सुटला, आणि या जगातून सुटला. त्यातला कुठला, हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं असतं. अवेळी भोंगा ऐकून गेटवर माणसांची ही गर्दी लोटली. गेटवर आमचे नाईक, पलटणीतून रिटायर झालेले. कामगारांचं सगळं खासगी त्यांना ठाऊक, आणि तुका आत पळताना त्यांनाही सांगून गेला होता. तिथं जे बोलणं झालं ते मला त्यांनीच नंतर शपथेवर सांगितलं.

"आवं नाईक, कुनाला काय झालं?"

"बॉयलरवरचा दादू सुटला."

"अरं द्येवा! कवा?"

"आत्ता. घंटाभर हुआ."

"लय तरास झाला का वं?"

"झाला की! दोन वरीस नुस्ता तरासच. आता मोकळा झाला."

"जवळ कोन हुतं?"

"तुका हुता."

"काय बोलला का शेवटाला?"

"म्हनला, हौसाला सांगा."

बायांनी तोंडाला पदर लावले. एका पोरानं नदीकडे धूम ठोकली.

मी गेटवर पोचलो तेव्हा पलीकडून हौसा येताना दिसली. पाणी कमरेएवढं असेल. नावेची वाट न बघता ती तशीच पाण्यातून निघाली होती. लुगडं चिंब, पायात काही नाही, आणि तिचा तो हंबरडा माझ्या कानात अजून आहे. मागून तिचा भाऊ बापू, खांद्यावर दोन कळक घेऊन. माणूस तयारीचा. तिरडीचं सामान घेऊनच निघाला होता.

"हौसाबाई, शांत व्हा. दादू चांगला आहे," मी म्हणालो.

"मग दावा मला!"

"तो इथं नाही."

"कुटं न्हेलाय?"

"रहिमतपूरला. सोनाराकडे."

गर्दीतली एक म्हातारी हळहळली, "तोंडात सोन्याचा मनी घालाया न्हेला आसंल गं." प्रेताच्या तोंडात सोनं घालतात, हे मी विसरलो होतो. हौसानं जमिनीवर अंगच टाकलं. मागून चीफ मला विचारत होते, "शिंदे, तुम्ही नेमकं कोणाच्या बाजूनं बोलताय?"

आत मिल थांबली होती. सगळे कामगार गेटवर. उसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत तुंबलेल्या. आणि त्या गाड्यांच्या रांगेतून दाढी करून, पान खाऊन, काखेत पुडकं घेऊन दादू आला. गर्दी बघितली. कळक बघितले. टोपी काढून हळूच एकाला विचारलं, "कोन गेलं रं?"

"तू," तो म्हणाला.

हौसा उठली. मला वाटलं, गळ्यात पडेल. तिनं बापूच्या हातातला कळक हिसकला आणि दादूच्या पाठीत एक घातला.

"मुडद्या! जित्ता हायेस व्हय!"

"अगं हौसे, थांब! फिटलं! समदं फिटलं! हे बघ!" त्यानं खिशातून लाल कागदाची पुडी काढली. आत डोरलं. उजळलेलं, नवं दिसत होतं. तिच्या हातातला कळक खाली पडला.

दादू तिच्याकडे बघतच राहिला. तिच्या ओल्या लुगड्याकडे, पायांकडे. "हौसे, डोरलं पडल्याबिगर यायची न्हवतीस न्हवं? फिटल्याचं तुला ठावं न्हवतं. तरी आलीस?"

"मेल्या मानसाला कसलं कर्ज?" हौसा म्हणाली आणि रडायला लागली. "म्हून आले."

चीफनी चष्मा पुसला. मग लगेच साहेब झाले.

बाकीचं थोडक्यात. दादूच्या काखेतल्या पुडक्यात हौसासाठी खण होता. दोघांना न विचारता घेतला म्हणून त्याला नियमाप्रमाणे गेटवरच शिव्या बसल्या. त्यात हौसानंही भर घातली, आणि ती या कामात दोघांपेक्षा वरचढ निघाली. पुढे गणपा-तुकाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तीच झाली. गणपाचे घड्याळाचे, रेडिओचे हप्ते तिच्या तोंडाच्या धाकानं फिटले. तुका तर तिला बघून रस्ता बदलायचा, पण हप्ता भरून.

मिल बंद पडली की रिपोर्टात कारण लिहावं लागतं. छापील कारणं तीनच: मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, ऊस नाही. मी चीफना विचारलं, काय लिहू? ते म्हणाले, "चिपाड ओलं होतं, असं लिहा." गणपाची नोकरी अशी वाचली. नोटीस बोर्डावर मात्र सर्क्युलर लागलं की, कर्ज फिटल्याबद्दल भोंगा वाजवू नये. बाहेरचा माणूस ते वाचून चक्रावायचा.

बॉयलरच्या कामात पहिला धडा असा, की कुठलाही व्हॉल्व्ह उघडण्याआधी पलीकडे कोण उभं आहे ते बघावं. मी नोकरीभर हे नव्या माणसांना शिकवलं. पलीकडे म्हणजे नदीच्याही पलीकडे, हे मात्र त्या दिवसापासून शिकवायला लागलो.