तपकीरकाकींचं नाक

समस्त बुवापाड्यास अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की तपकीरकाकींची शिंक आता कायमची बंद झाली आहे. ही शिंक कुकरची शिट्टी समजून गॅस बंद करणाऱ्या बायका मी आमच्या चाळीत स्वतः पाहिल्या आहेत.

नाकातून गेलेलं थेट मेंदूत पोचतं, हा काकींचा सिद्धांत. त्यांच्या सुनेला, सुनीताला, मूल होईना. मेंदूतून बीज तयार करण्याचा जो निरोप सुटतो तोच सुटत नाही, असं उल्हासनगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तो औषधाने द्यायचा. नाकात फवारा मारून, नाहीतर पोटाला सुई लावलेल्या छोट्या पंपाने.

सुनीताने तोंड उघडण्याआधीच काकी म्हणाल्या, "नाकातूनच. सुया टोचून कोण पोर आणतं?"

"नाकातून थोडंच आत जातं, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पंपाचा भरवसा जास्त."

"मग भरपूर मारू. दिवसभर."

"सारखं दिलं की शरीर ऐकेनासं होतं. सासूच्या बोलण्यासारखं. थांबून थांबूनच द्यायचं."

काकी खदखदून हसल्या. त्या दिवसापासून "काय गं, काही?" हेसुद्धा त्या सुनेला थांबून थांबून विचारू लागल्या.

पण घरभर तपकीर. सुनीता फवारा घेई आणि शिंकून टाकी. शेवटी काकींनी आपली डबी गटारात भिरकावली. "लाव तो पंप. माज्या नाकानं नातवंड खाल्लं." पदराआडचा पंप म्हणजे मोबाइल आहे, असं त्या शेजारणींना ठणकावून सांगत.

दिवस राहिले. चौथ्या महिन्यात सगळं गेलं. पंप पुन्हा लागला, पुन्हा काही नाही. सुनीता भिंतीकडे तोंड करून पडलेली असे आणि काकी आता न थांबता म्हणत, "काढू नको गं. अजून एकदा." एका सकाळी चहा पिता पिता काकी गेल्या, तेही हेच म्हणत.

दहाव्याला बदलापूरला नदीकाठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून, पण शिवेनात. तपकिरीची कोरी डबी ठेवून पाहिली. मग काकींचे दीर हात जोडून म्हणाले, "वहिनी, प्रकाशचं दुसरं लग्न लावतो. नातू आणतो."

सुनीताचा नवरा प्रकाश नदीकडे बघत राहिला. मी कावळ्यांकडे. बाबांनो, या वचनावर तरी नका येऊ.

सुनीता पुढे आली. तिने पोटावरची सुई उपसली, पंप पिंडाशेजारी ठेवला आणि सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाली,

"आई, मी थकले. आता कावळ्याला धरून नका ठेवू."