भाऊच्या मापाचे लोखंडी पंजे

माझ्या मोठ्या भावाचा उजवा हात भंडारा जिल्ह्यातला सगळ्यात मोठा हात होता. तो बसच्या खिडकीतून बाहेर काढून भाऊ बसला की लाखांदूरपर्यंत समोरच्या गाड्या आपणहून बाजूला होत. नका मानू हवं तर, पण आमचा धंदा त्या हातावरच उभा होता.

धंदा लोखंडी पंजांचा. परदेशात काही हौशी लोक जुन्या काळच्या सरदारांसारखं चिलखत चढवून मैदानात उतरतात आणि एकमेकांना तलवारींनी मनसोक्त बडवतात. त्यांची बोटं शाबूत राहावीत म्हणून लागणारे पोलादी पंजे आम्ही भंडाऱ्यात, पितळेची भांडी ठोकायच्या जुन्या ऐरणीवर घडवायचो. पत्र्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे वाकवायचे, एकावर एक चढवून रिवेट मारायचे, आत चामड्याचा मोजा बसवायचा. पहिला जोड मी माझ्या मापाने केला, तर नागपूरच्या व्यापाऱ्याने विचारलं, बाहुल्यांची लढाई आहे का? तेव्हापासून माप भाऊचं.

परीक्षाही भाऊचीच. पंजा चढवून तो आधी ताटातली एकच लाही चिमटीत उचलायचा. बोटं अडली तर माल परत ऐरणीवर. मग हात ठोकळ्यावर ठेवून म्हणायचा, "मार." मी बांबूचा सोटा असा हाणायचो की आंबागडच्या किल्ल्यावरची वानरं झाडं सोडून पळायची.

"लागलं का भाऊ?"

"नाई बे. आज जेवला नाईस का?"

झालं, माल पास.

यंदा पावसाळा सरता सरता भाऊला लकवा मारला. उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, हाताला काही जाणवायला लागलं तर आशा आहे. मग मी तेल चोळायला बसलो. तेवढ्या तेलात अख्ख्या भंडाऱ्याची दिवाळी तळून झाली असती. हात मात्र आटतच गेला.

परवा नवा जोड तयार झाला. भाऊ म्हणाला, "आण इकडं. पाह्यतो." जीभ जड, हुकूम जुनाच.

मी त्याचं एकेक बोट पंजात सरकवलं. पूर्वी जोर लावून बसवावा लागायचा, आता आत हात खुळखुळत होता. लाहीचं ताट मी आणलंच नाही. हात उचलून ठोकळ्यावर ठेवला.

"मार."

मी हळूच मारलं.

"कायले भेऊन राहिला? जोरानं मार ना."

मारलं.

"लागलं का भाऊ?"

"नाई."

इतकी वर्षं याच एका शब्दावर मी माल विकला होता. आता तो ऐकून मी पंजा काढला, हात उघडा ठोकळ्यावर ठेवला आणि सोटा पुन्हा उचलला. भाऊ हाताकडे पाहत नव्हता. माझ्या तोंडाकडे पाहत होता.

"हो," तो म्हणाला, "लागलं थोडंसं."

सोटा अजून वरच होता.