पिल्लांची मरळ

कुंदाबाई एरंडोलच्या बाजारात मासे विकायची. नवरा चुडामण गावाजवळच्या धरणातून मासे धरून आणायचा. लग्न होऊन ती आली तेव्हा मरळ हातभर लांब असे. आता बहुतेक बोटाएवढी पोरंसोरंच जाळ्यात येत. लोकांनी जाळ्याची भोकं अजून बारीक केली, आणि मासे आणखीच रोडावले.

पावसाळ्यात एकदा ती चुडामणसोबत तराफ्यावर गेली. उथळ पाण्यात लालसर पिल्लांचा थवा हलत होता. चुडामण पाण्याखाली बोट दाखवत हळूच म्हणाला, "खाले माय शे." त्याने जाळं फेकलं आणि जाडजूड मरळ वर ओढली. पिल्लं सैरभैर झाली. जरा वेळाने दुसरे मासे आले आणि थव्यावर तुटून पडले. कुंदाबाई बघतच राहिली.

घरी आल्यावर तिने पाटी बाजूला सारली. "पिल्लंवाली मरळ मी इकत नही."

"बठ्ठा लोक धरतस," चुडामण म्हणाला. "आपन नही त दुसरा धरी लेई."

"मंग धरू दे त्यासले."

चुडामणने रागाने ती मरळ शेजारच्या धुरपदाबाईला विकायला दिली. नवराबायकोत बरेच दिवस धड बोलणं नव्हतं. पावसाळाभर कुंदाबाईने पाटीत घरच्या शेतातली वांगी मांडली. जुनी गिऱ्हाइकं हसायची. "कुंदाबाई, मासेवालीला कसली आलीय दया?"

"दया नाही हो, धंदा आहे," ती म्हणायची. "माय मारली तर पुढच्या साली तुम्हाला देऊ काय?"

ही बोलणी मासेमारांचा म्होरक्या झुलाल नाना याच्या कानावर गेली. तो तणतणत तिच्या ओट्यावर आला. तिने आधी चहा दिला, मग विचारलं, "नाना, तुमना वडील केवढी मरळ आनेत?"

नानाने नकळत एक हात लांब केला आणि माप दाखवायला दुसरा त्याच्या खांद्यापर्यंत नेला. मग तो हात तसाच धरून बसला. चहा निवला.

पुढच्या पावसाळ्याआधी नानाने सगळ्यांना बोलावून धरणाला नाला मिळतो तिथल्या, पिल्लांच्या उथळ पाण्यात पावसाळाभर जाळं टाकायचं नाही असं ठरवलं. दोघातिघांनी अंधारात टाकलंच. भांडणं झाली, एक जाळं जप्त झालं. पहिल्या हिवाळ्यात फारसा फरक पडला नाही, चुडामणने टोमणेही मारले. दुसऱ्या हिवाळ्यात मात्र त्याच्याच जाळ्यात कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी मरळ आली. त्याने ती आधी घरी आणली, कुंदाबाईसमोर ठेवली, आणि हातपाय धुवायला गेला. तिला हसू आलं, पण तिने ते पदरात दाबलं.

मरळ पूर्वीइतकी झालेली नाही. पण बाजारात आता धुरपदाबाईच गिऱ्हाइकांना सांगते, पावसाळ्यात ही मागू नका.

परवा दोंडाईच्याकडच्या एका तलावावरचे मासेमार आले. "अक्का, आमच्याकडे येऊन सांगाल का?" कुंदाबाई बावरली. चार माणसांत उभं राहून ती कधी बोललेली नव्हती.

"जाय," चुडामण म्हणाला. "पाटी मी देखस."