उतारावरची सही

ग्रीसचा वास आला की मी अजून त्या ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसतो. छप्पनच्या उन्हाळ्यात मी नाचणगावहून सायकलने लष्कराच्या गॅरेजात कामाला जायचो. महायुद्धातले ट्रक नुसते उभे असले तरी दर आठवड्याला तपासायचे, आणि तपासणीच्या कार्डावर ज्याची सही, त्यानेच चाचणीला गाडीत बसायचं, असा तिथला रिवाज. त्या दिवशी गाडीचे पत्रे तापले होते, म्हणून ब्रेकचं तेल न बघताच मी सही ठोकली. तासाभरात ड्रायव्हरने हाक मारली, "चाल, बस." तो आमच्याच गावचा, वडिलांच्या वयाचा. उतार लागला. खाली रेल्वेचं फाटक बंद. तेल नसलंच तर? बोलावं तर नोकरी जाणार, गप्प राहावं तर दोघांचा जीव. दाराची कडी तळहात भाजत होती, तरी मी ती सोडली नाही. "काऊन रे, घाम काऊन फुटून राह्यला तुले?" त्याने विचारलं. फाटक चार हातांवर आलं तेव्हा त्याने ब्रेकवर पाय दाबला आणि ट्रक थांबला. "तू गेल्यावर मीच तेल भरलं," तो समोर बघत म्हणाला, "ब्रेकचा डब्बा कोरडा होता. तुह्या सहीवर मी गाडी नाई चालवत." आता कुठेही सही करताना माझा उजवा पाय आपोआप जमीन दाबतो.