बुटांची सोयरीक

परभणी जिल्ह्यात आजवर जेवढ्या सोयरिकी जुळल्या असतील, त्यांतल्या एकीलाही माझ्या साडूंच्या बुटांइतका वेळ लागला नसेल. लोक एका बैठकीत सुपारी फोडून मोकळे होतात. आमच्या साडूंनी मोटारसायकलवर घालायचे बूट निवडायला होळीपासून दसऱ्यापर्यंतचा काळ घेतला आणि त्या सगळ्या काळात मला पदरमोड करायला लावून सोबत नाचवलं. गंमत अशी, की या गृहस्थांचं सोनपेठला कापडाचं दुकान आहे. एखादी बाई दोन साड्यांमध्ये दहा मिनिटं अडकली, की हे गादीवरून म्हणतात, “माय, साडी घ्यायचीय का तिची सोयरीक जुळवायचीय?” कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरी बंडी, हातात कापड मोजायचा लोखंडी मीटर आणि तोंडात हा उपदेश. स्वतःच्या चष्म्याची फ्रेम मात्र पंधरा वर्षं तीच आहे, कारण दुसरी अजून पसंत पडलेली नाही.

बुटांची गरज पडली ती उसाच्या टिपरांमुळे. मागच्या हिवाळ्यात साडू आणि अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, मोटारसायकलवरून राणीसावरगावला पाहुण्यांकडे निघाले होते. ट्रॉलीतून सांडलेल्या टिपरांवरून चाक घसरलं. साडूंचा वेग म्हणाल तर एखाद्या बैलगाडीला ओलांडायलाही ते दोनदा विचार करतात. पण गाडी पडली ती नेमकी त्यांच्या घोट्यावर, आणि पायात होती अंगठ्याची चप्पल. घोटा मोडला. दीड महिना तो पाय प्लास्टरमध्ये उशीवर विराजमान होता आणि अख्खा गोतावळा त्याच्या दर्शनाला येत होता. मीही दोनदा जाऊन आलो. अक्कांना काही झालं नव्हतं. तसं त्यांनीच सांगितलं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला उभ्यानं चहा करून दिला.

प्लास्टर निघालं त्याच दिवशी अक्कांनी निकाल दिला, “गाडी इका. मी तर आता तिच्यावर बसायची न्हाई.”

साडूंचा चेहरा पाहवत नव्हता. आठवडाभर गादीवर मांडी घालून बसणारा हा माणूस दर रविवारी गाडी काढायचा, अक्कांना मागे बसवायचा, गोदावरीच्या काठाकाठानं एखाद्या गावी जायचा, कुणाच्या तरी ओसरीवर चहा प्यायचा आणि परत यायचा. दोघांच्याही संसारातली मोकळीक ती तेवढीच. त्यांनी इतकी गयावया केली, की अक्का थोड्या नरमल्या. “मंग पायाला धक्का लागणार न्हाई असं कायतरी घाला. दसऱ्याला गाडीला हार घालायचा तर पायात बूट पाहिजेत. न्हाईतर गाडी दुसऱ्याच्या दारात जाईल.” डाव उघड होता. आपल्या नवऱ्याकडून दसऱ्यापर्यंत कसलीही निवड होणार नाही, याची त्यांना सव्वीस वर्षांच्या अनुभवानं खात्री होती. गल्लीतल्या दूधवाल्याला त्यांनी गाडी सांगूनही ठेवली.

तेव्हापासून साडू दर पंधरा दिवसांनी एसटीनं आमच्या परभणीला येऊ लागले. पण बुटांच्या दुकानात ते संध्याकाळी पाचच्या आत पाऊल टाकत नसत. “पाय दिवसभर फुगतो, साडूभाऊ. सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो.” खिशात जाड मोजे असत. बूट चढवला, की स्टुलावर बसून ते डाव्या पायानं हवेत गिअर टाकत आणि तोंडानं गाडीचा आवाज काढत. आवाज चौथ्या गिअरपर्यंत चढला, की अचानक बंद पडे. “वरून पातळ हाय. महिन्याभरात गिअर खाऊन टाकतंय ह्याला.” लेसचे बूट नकोत, लेस पायदानात अडकते. गमबूट नकोत, त्यात चिखल येत नाही पण घोट्याला आधारही नाही, आणि आतला घाम आतच राहतो. लोखंडी टोपीचे कारखान्यातले बूट नकोत, त्यात ब्रेक दाबल्याचं पायाला कळत नाही. गुडघ्यापर्यंतचे तर अजिबात नकोत. एका बुटाबद्दल त्यांनी मला कानात सांगितलं, “घोट्याला चांगला धरायलाय, पण पिंडरीला सोडायलाय,” आणि त्या बुटाचा काही कमीपणा चारचौघांत नको म्हणून तो हळूच खोक्यात ठेवला.

मग माझी पाळी येई. माझं वजन पंच्याऐंशी किलो आहे, आणि त्याचं कौतुक आजवर फक्त साडूंनी केलं. “बोटांवर उभं राहा,” ते म्हणत. मी भरल्या दुकानात त्यांच्या बुटावर चढून, त्यांच्या खांद्याला धरून उभा राहत असे. एकदा आमचा हा कार्यक्रम बघून दुकानदार म्हणाला, “शेठ, बूट घ्यायचाय का त्याची सोयरीक जुळवायचीय?” आपलंच वाक्य आहे हे साडूंना ओळखू आलं नाही. ते गंभीरपणे म्हणाले, “तसंच समजा.”

पण सगळ्यात अवघड परीक्षा होती दाराची. आमच्याकडे एका रविवारात चार घरी चहा होतो, आणि पायातलं बाहेर काढल्याशिवाय कुणाच्या ओसरीवर पाय ठेवत नाहीत. “घरधनी ‘या, बसा’ म्हणतो. ‘बसा’ म्हणेपर्यंत बूट निघाला पाहिजे. न्हाईतर तो उभा, आपण वाकलेलो आन् चहा गार.” त्यामुळे मी दुकानाच्या एका टोकाला घरधनी होऊन “या, बसा” म्हणायचं आणि साडूंनी बूट काढत माझ्याकडे यायचं, असा सराव चाले. तीन बकलांचा एक काळा बूट बाकी सगळ्या परीक्षांत पहिला आला होता. या परीक्षेत मी “या, बसा” म्हटलं, पाणी मागवलं, घरच्यांची खुशाली विचारली, पावसापाण्याचं विचारलं, तरी साडू दुसऱ्या बकलावरच होते. बूट नापास झाला.

मृगाच्या सुमारास ते एकदा थेट आमच्या घरी आले. दारातच थांबले, खाली बसले, आणि खिशातली टेप काढून माझ्या बायकोची चप्पल मोजू लागले. टाच, पंजा, लांबी, सगळं. कागदावर लिहून घेतलं आणि चहा न घेता निघून गेले. मी पोट धरून हसलो. माणूस आता बुटांवरून चपलांवर उतरला, असं चार जणांना फोन करून सांगितलंही. पोळा झाला तरी फेऱ्या चालूच राहिल्या तेव्हा माझं हसू आटलं. मी बायकोला वैतागून म्हणालो, “द्या म्हणावं ती गाडी दूधवाल्याला. सुटू दे मला.”

दसऱ्याच्या आदल्या दिवशी साडूंचा फोन आला. “झालं,” ते म्हणाले. काय झालं ते सांगितलं नाही.

ते कळलं राणीसावरगावला, त्याच पाहुण्यांकडे, बारशाला. आम्ही एसटीनं आधीच पोचून ओसरीवर बसलो होतो. फाटकातून मोटारसायकल आत आली, हँडलला दसऱ्याचा सुकलेला हार तसाच होता. साडू उतरले. पायात बाजूला चेन असलेले तपकिरी बूट होते. पाहुणे “या” म्हणाले, साडूंनी दोन चेनी सर्रकन ओढल्या, आणि “बसा” येईपर्यंत मोज्यांवर उभे. मी मनातल्या मनात शिट्टी वाजवली.

मग मागच्या सीटवरून अक्का उतरल्या. हिरव्या इरकली साडीखाली, काठाच्या जरा वर, काळे बूट. तीन बकलांचे. ओसरीवर बायकांचे पदर तोंडाला गेले. अक्का लाजून उभ्या राहिल्या. साडूंनी पाहुण्यांना हातानं थांबवलं, “जरा येळ लागंल, तीन बकलं हायेत,” आणि ते सरळ बायकोच्या पायाशी उकिडवे बसले.

“आवं, लोकं बघायलेत,” अक्का पुटपुटल्या.

“बघू दे. तू पाय हलवू नको.”

एकेक बकल ते सावकाश सोडत होते. उजवा बूट निघाला तेव्हा मला अक्कांचा पाय दिसला. शेवटची दोन बोटं आत वळून एकमेकांवर चढली होती. मला तिथल्या तिथं उठून जावंसं वाटलं. त्या दीड महिन्यात मी दोनदा त्यांच्या हातचा चहा पिऊन आलो होतो.

जेवणानंतर साडू मला बाजूला घेऊन म्हणाले, “माझे तर आखाडातच भेटले होते, साडूभाऊ, तुमाला बोललो न्हाई. हिचे भेटंनात. पडल्यापासून ही माझ्याच ढगळ चपला घालायलीय, पायाला टेप लावू देईना, मग माप कसं निघावं? बहिणी-बहिणींचा पाय एकच, म्हणून तुमच्याकडं आलो. चेनचा बूट तिच्या बोटांवर दाबतो. बकलाचा पाहिजे तेवढा सैल सोडता येतो.”

“पण तो तर दारात वेळ लागतो म्हणून तुम्हीच नापास केला होता.”

“ते माझ्यासाठी. हिचे सोडायला मी हाय की.”

परतीच्या एसटीत बायको खिडकीशी बसली होती. चपला काढून पाय वर घेतले होते. गंगाखेड मागे पडलं. मग ती बाहेर बघतच म्हणाली, “दाजींनी माझी चप्पल मोजली तवा तुमी लय हसले होते.”

“हो,” मी म्हणालो.

“माझा नंबर किती, सांगा बरं.”

मी कंडक्टरकडे बघितलं, समोरच्या सीटकडे बघितलं. बावीस वर्षं ती चप्पल माझ्या चपलेशेजारी दारात असते. थोड्या वेळानं तिला डुलकी लागली तेव्हा मी वाकलो आणि सीटखालची एक चप्पल हळूच उलटी करून पाहिली. नंबर केव्हाच झिजून गेला होता.