बाजेसारखं ताणलेलं चित्र

मी तंबू शिवणारा माणूस. निजामाचे अंमलदार बीडकडं दौऱ्यावर निघाले की त्यांच्या राहुट्या माझ्या हातच्या. म्हणून आष्टीच्या एका जमीनदारानं फाटकं तैलचित्र नीट करायला बोलावलं तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, "मालक, मी काय चितारी न्हाई."

"कापड तर कळतं ना?" ते म्हणाले. झालं, सुई-दोरा घेऊन मी निघालो.

चित्र त्यांच्या आजीचं. धाकट्या आत्याला जन्म देताना ती बाई गेली. आत्या आता साठीच्या. त्यांना आईचा चेहरा ठाऊक तो एवढाच. खिळ्यांपाशी कड फाटलेली, कापड सुटलेलं, ओठांवरनं वर्षानुवर्षांची आडवी घडी पडलेली. मालकांनी बोलावलेला सुतार पिठाच्या खळीचं पातेलं घेऊन तयारच होता. म्हणाला, "फळीवर चिकटवून टाकू."

माझं डोकंच फिरलं. "का रं? पावसाळ्यात फळी फुगंल, कापड आखडंल, अन् मधल्यामधी रंगाचे पोपडे उडतील. वर खळ म्हंजी वाळवीला जेवणाचं आवतण."

आत्या कोपऱ्यातून म्हणाल्या, "रंग पडला तर माय दुसऱ्यांदा जाईल माझी."

मी अंगणाकडं तोंड फिरवलं. समोर सुतळीनं विणलेली बाज होती, अन् तिच्या पायथ्याची दोरी दिसली. बाज सैल झाली की तेवढीच दोरी ओढतो आपण, बाज काय चिकटवत न्हाई. मला लई आनंद झाला, सुताराला तिथंच मिठी मारली. बिचारा पातेल्यासकट मागं सरला.

त्याच्याकडनंच चित्राहून मोठी चौकट करून घेतली. नवं मांजरपाट कापड दोनदा भिजवून वाळवलं, म्हंजी मागनं आटायला नको. त्याच्या पट्ट्या चित्राच्या कोऱ्या कडेला शिवल्या. रंगाला सुई लावली न्हाई. मग पट्ट्यांतून दोरी ओवून चित्र चौकटीत टांगलं. रोज दोरी जरा-जराशीच ओढायची. एका दमात ओढली तर तंबूसुद्धा उसवतो, हे तर जुनं कापड. सकाळ कधी होते असं व्हायचं मला. भाकरी तशीच ठेवून पळायचो.

आठव्या दिवशी ओठांवरची घडी गेली. आत्यांना हाक मारली. त्या जवळ आल्या, चित्रातल्या ओठांपाशी बोट नेलं.

"हसतीय की," त्या म्हणाल्या. "मला जल्मभर वाटायचं, माझ्यापायी जीव गेला म्हनून ती रागानं बघतीय."